आयर्विन पुलाची पट्टी आम्हाला वाचता येते, मग तापाचा आकडा का नाही? सांगलीच्या प्रशासनाला खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सांगली
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, सांगली
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, सांगली
(आणि महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पण, कारण आमचं निम्मं गाव रोज सांगली-मिरजेला कामाला असतंय)

विषय : साथीची खरी माहिती गावात, वेळेवर, कळेल अशा भाषेत मिळणेबाबत. आणि त्याची सवय साथ नसतानाच लावणेबाबत.

नमस्कार साहेब,

मी पलूस तालुक्यात नदीकाठच्या एका गावात मेडिकल चालवतो. डॉक्टर नाही, पुढारी तर अजिबात नाही, कुठल्या संघटनेचं लेटरहेड पण नाही माझ्याकडं. पण गावात कुणाला ताप आला की तो आधी माझ्या काउंटरवर येतो, मग डॉक्टरकडं, जमलं तर सरकारी दवाखान्यात, आणि तुमच्या रिपोर्टात आलाच तर सगळ्यात शेवटी येतो. त्यामुळं साथ सुरू झालीय हे आम्हा मेडिकलवाल्यांना तुमच्या आधी कळतं, पॅरासिटामॉलचे बॉक्स किती दिवसांत रिकामे होतात त्यावरनं. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही, पत्र कुठल्या कोपऱ्यातनं लिहिलंय ते कळावं म्हणून सांगतोय.

ह्या पावसाळ्यात पण तेच झालं. आमच्या दोन गल्ल्यांतली माणसं अंग धरून बसली, मनगटं सुजलेली, घोटे सुजलेले, सकाळी उठून चहाचा कप धरता येईना, कुणी म्हणतंय चिकनगुनिया, कुणी म्हणतंय डेंग्यू, आणि एकजण तर छातीठोक सांगतोय की कोरोनाच्या लसीचा परिणाम आता बाहेर पडायला लागलाय. उपकेंद्रात विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, रिपोर्ट वर पाठवलाय. वर म्हणजे कुठं आणि तो खाली कधी येणार हे त्यांना पण ठाऊक नाही, त्यांचा काय दोष. इकडं लोकांच्या हातात खाजगी लॅबची चिठ्ठी, त्यावर एनएस-वन (डेंग्यूची टेस्ट) पॉझिटिव्ह, आणि तिकडं गावात बातमी की सरकारी यादीत आपल्याकडं डेंग्यूचा एकही पेशंट नाही. आता ह्यात खोटं कुणीच बोलत नव्हतं हे मला धंद्यामुळं माहितीय. खाजगीत होते ती कार्डवरची झटपट टेस्ट, आणि सरकारी आकड्यात धरतात ते सरकारी लॅबमध्ये एलायझा टेस्ट करून पक्कं झालेलं, म्हणजे जोवर तुमच्या लॅबपर्यंत रक्त गेलं नाही तोवर तुमच्या कागदावर डेंग्यू नाही. दोन ओळीत सांगता येतंय. पण सांगितलं कुणी? कुणीच नाही. मग पारावर निकाल लागला, "दाबत्यात सगळं." आणि एकदा हा निकाल लागला ना साहेब, की त्यावर अपील नसतंय.

म्हणून आता मूळ मुद्द्यावर येतो.

पुराच्या वेळी आमचा तुमच्या आकड्यावर विश्वास असतो. पाऊस लागला की आमच्याकडं शाळेतलं पोरगं पण विचारतंय, आयर्विनला (सांगलीच्या कृष्णेवरच्या पुलाला) किती झालं? 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी, हे कुणाला शिकवावं लागत नाही. कोयनेतनं किती क्युसेक सोडलं, धरणात किती टीएमसी झालं, वारणेचं काय, आलमट्टीतनं विसर्ग किती चाललाय, हे सगळं आमच्या इथल्या चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याला तोंडपाठ. हा विश्वास का बसला? तुम्ही फार गोड बोलता म्हणून नव्हे. पुलावर पट्टी रंगवलेली आहे आणि ती कुणीही जाऊन बघू शकतो म्हणून. तुमचा मेसेज आला 38 फूट आणि कुणाला शंका आली तर तो गाडीला किक मारून पुलावर जातो, बघतो, परत येतो. आकडा वाईट असला तरी तुम्ही दर काही तासांनी सांगताच, 'लोक घाबरतील' म्हणून 44 वर थांबत नाही.

आणि हा विश्वास पण आयता मिळालेला नाही, किंमत मोजून आलाय. 2019 ला आमच्या भागातली कितीतरी माणसं 2005 च्या पुराच्या खुणेवर भरवसा ठेवून घरात बसली होती, 'तवा इथवर आलं हुतं, त्याच्या वर काय येत नाय'. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. ब्रह्मनाळला बोट उलटली ती आमच्याच तालुक्यात, त्याच्यावर मला इथं जास्त लिहवत नाही. पण 2021 च्या जुलैत पाणी वाढायला लागलं तेव्हा हीच माणसं जनावरांसकट आधीच बाहेर पडली. कोरोना चालू होता तरी. म्हणजे माणसं ऐकत नाहीत हे खरं नाही, आकडा दिसला आणि त्याचा अर्थ कळला की माणसं ऐकतात, म्हशी घेऊन ऐकतात.

मग तीच माणसं कोरोनात का ऐकत नव्हती? किंवा ऐकल्यासारखं दाखवून मागनं वेगळंच का करत होती?

माझ्या काउंटरवरचं सांगतो. 2020 ला आम्हाला सांगण्यात आलं की ताप-सर्दी-खोकल्याची गोळी जो घेईल त्याचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर वहीत लिहून ठेवा आणि कळवा. कागदावर आयडिया चांगली होती, पेशंट लवकर सापडावा म्हणून. झालं काय, वही काउंटरवर दिसायला लागली तशी तापाची गिऱ्हाइकं गायब. गावातला ताप एका आठवड्यात बरा झाला म्हणा ना! खरं तर लोक भिलवडीला जाऊन घेत होते, पलूसला जाऊन घेत होते, तिथं पण वही दिसली की नातेवाइकाकडनं मागवत होते. दहा-बारा वर्षांचं पोरगं यायचं, "डोकं दुखायची गोळी द्या, आईला पायजे," आणि जाताना हळूच म्हणायचं, आशाताईला सांगू नका. बारक्या पोराला हे वाक्य घरातनं पाठ करून पाठवलेलं. त्याच्या आईला ताप होता, आणि ती कशाला भीत होती, मरणाला? नाही. दारावर चिकटणाऱ्या स्टिकरला, गल्लीच्या तोंडाला ठोकणाऱ्या पत्र्यांना, आणि सायरन वाजवत येणाऱ्या ॲम्ब्युलन्सचा व्हिडिओ काढणाऱ्या शेजाऱ्याला.

ही भीती कुठनं आली ते पण सांगायला पाहिजे. मार्च 2020 ला इस्लामपुरात एका घरातनं सुरुवात होऊन वीसच्या वर माणसांना लागण निघाली. नंतर तिथली साथ आटोक्यात आणली म्हणून प्रशासनाचं राज्यभर कौतुक झालं, इस्लामपूर पॅटर्न म्हणून, आणि ते कौतुक रास्तच होतं, रात्रंदिवस राबली होती माणसं. पण त्याच वेळी त्या घराचं काय झालं ते आम्ही सगळ्यांनी मोबाईलवर बघितलं. नावं फिरली, फोटो फिरले, जात-धर्म काढून झाला, शिव्या घालून झाल्या. पेशंटचं नाव गुप्त ठेवायचं असतं असा नियम होता म्हणे. मग ती यादी व्हॉट्सॲपवर आली कुठनं? एसटीतनं कुणाच्या खिशातनं पडली का? कुणावर काही कारवाई झाल्याचं आमच्यापर्यंत तरी आलं नाही. त्या महिन्यात सगळ्या जिल्ह्याने एकच धडा घेतला, की पॉझिटिव्ह निघालो तर आजार बरा होईल, नाव बरं होणार नाही.

मग आली गलाईवाली मंडळी. खानापूर-आटपाडीकडची आणि आमच्या बाजूची पण, सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात पार केरळ-तामिळनाडूपासून उत्तरेपर्यंत पसरलेली. जत्रेला आली की ह्यांच्या वर्गणीवर देवळाचं शिखर होतं, शाळेला खोल्या होतात. मे महिन्यात पास काढून, गाड्या करून ती गावाकडं आली तर वेशीवर दगड आणि बाभळीच्या फांद्या. ज्यांनी खोल्या बांधून दिल्या त्यांनाच त्या झेडपीच्या शाळेत कोंडून घातलं, ताट लांबनं सरकवून. मुंबईवाल्यांचं तर विचारूच नका, सातारा-सांगली दोन्हीकडं तेच. आता ह्यात गावाची चूक होतीच, मी गावाची बाजू घेत नाही, पण गावाला तुम्ही दिलं काय होतं? 'बाहेरून आलेल्यांपासून सावध' एवढाच मेसेज. किती दिवस वेगळं ठेवायचं, का ठेवायचं, चौदा दिवसांनी तो माणूस धोक्याचा राहत नाही, हे समजावून सांगायला कुणी आलं नाही. रिकाम्या जागेत गाव आपल्या अकलेने वागतं, आणि घाबरलेल्या गावाची अक्कल कशी चालते ते सगळ्यांनी बघितलं.

फवारणीचं आठवतंय का? आमच्याकडं द्राक्षबागा, त्यामुळं घरोघर ट्रॅक्टर आणि ब्लोअर. पोरांनी टाकीत हायपोक्लोराइट (जंतुनाशक) भरलं आणि अख्खं गाव फवारून काढलं, रस्ते, भिंती, देवळाची पायरी, एका ठिकाणी तर माणसं पण. काय उत्साह होता, फेसबुक लाइव्ह! केंद्राच्या आरोग्य खात्याने 18 एप्रिल 2020 लाच सांगितलं होतं की माणसांवर असलं काही फवारू नका, उपयोग नाही आणि डोळ्या-कातडीला इजा होते. ते पत्रक आमच्या ग्रामपंचायतीत पोचलं असेल, फायलीला लागलं असेल. पुढं आर्सेनिक अल्बम 30 च्या होमिओपॅथीच्या गोळ्या वाटल्या ग्रामपंचायतींनी, सरकारी पैशानं, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून. त्यानं कोरोना टळतो ह्याला पुरावा काय होता? मला लोक विचारायचे, "घ्यावी का?" मी काय सांगणार, सरकार स्वतः देतंय. ज्या हातानं पुरावा नसलेली गोळी दिली, त्याच हातानं सात-आठ महिन्यांनी लस पुढं केली, आणि मग म्हणता लोकांनी लसीवर शंका का घेतली.

लसीचं पण असंच. पहिल्यांदा कोविशिल्डचे दोन डोस चार ते सहा आठवड्यांनी, मग 22 मार्च 2021 ला सहा ते आठ आठवडे, मग 13 मे ला एकदम बारा ते सोळा. अंतर वाढवलं की परिणाम चांगला मिळतो अशी परदेशातली माहिती होती, हे खरं. त्याच काळात लसीचा तुटवडा होता, हे पण खरं. दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या असत्या तर लोकांनी मान डोलावली असती, रेशन दुकानात साखर कमी आली तर आम्ही समजून घेतो की. पण तुम्ही फक्त पहिली सांगितली आणि दुसरी लोकांना केंद्राच्या बंद दाराला चिकटवलेल्या 'लस शिल्लक नाही' ह्या पाटीवर वाचायला मिळाली. आणि ते कोविन पोर्टल! पहाटे पाचला नंबर लावून बसलेल्या आमच्या माणसांना सांगायचे स्लॉट फुल्ल, आणि नऊ वाजता पुण्याच्या पासिंगच्या गाड्या येऊन टोचून परत. त्यांचा राग नाही, त्यांना पण जीव आहे. पण ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात आपण जन्मापासून जातो तिथं आपण उपरे, हे त्या दिवशी लोकांना कळलं.

थोडं थांबून एक गोष्ट मान्य करतो. त्या वेळी शास्त्रज्ञांनाच सगळं माहीत नव्हतं. मास्क लावा, नको, लावाच. प्लाझ्मा द्या, मग 17 मे 2021 ला उपचारातनं काढून टाकला. रेमडेसिविरनं जीव वाचतो असा पुरावा नाही हे जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर 2020 मध्येच सांगितलं होतं, आणि एप्रिल 2021 ला माणसं त्याच इंजेक्शनसाठी सोनं मोडून सांगली-मिरज-कोल्हापूर पालथी घालत होती, मला रात्री दोनला फोन यायचे, रडत. नवीन आजारात सल्ला बदलणारच. बदलला म्हणून विश्वास जात नाही. कालचं आजपर्यंत बरोबर वाटत होतं, आज नवीन कळलंय, म्हणून बदलतोय, हे जिल्ह्याच्या पातळीवर एखाद्या डॉक्टरनं समोर येऊन, नाव सांगून, आपल्या भाषेत सांगायचं असतं. तुम्ही आदेश काढले. आदेश क्रमांक अमुक, साथरोग प्रतिबंधक कायदा 1897 अन्वये, कलम 188. कायदाच तो प्लेगच्या काळातला, घराघरात सोजीर (गोरे शिपाई) घुसवून झडत्या घेतल्या त्या काळातला, त्याची भाषा पण तीच. त्याच प्लेगात सावित्रीबाई फुले (आपल्या शेजारच्याच, साताऱ्याच्या नायगावच्या) पुण्यात पेशंटची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला गेल्या. ती सेवा पण प्लेगचाच बंदोबस्त होती, फक्त तिला आदेश क्रमांक नव्हता.

जून 2021 पासून पाच लेव्हल आल्या, पॉझिटिव्हिटीचा टक्का आणि ऑक्सिजनचे बेड किती भरलेत त्यावर दुकानं किती वाजेपर्यंत ते ठरणार. ऑगस्टमध्ये राज्यभर सूट मिळाली आणि 11 जिल्हे मागं राहिले, त्यात आपण पण होतो आणि सातारा-कोल्हापूर पण. व्यापारी चिडले, साहजिक आहे, वर महापुरात माल गेलेला. आता हा टक्का म्हणजे नेमकं काय ते कुणी समजावलं? शंभर जणांचे स्वॅब घेतले आणि दहा पॉझिटिव्ह आले तर दहा टक्के. पण शंभर कोण? तापानं फणफणलेले शंभर घेतले तर टक्का वर जाणार, बाजारातले ठणठणीत शंभर धरून घेतले तर खाली येणार. त्यात अँटिजेनच्या टेस्टमध्ये बरेच पॉझिटिव्ह निसटतात. म्हणजे साथ तेवढीच, आणि टक्का दोन. लोकांना हे शास्त्र म्हणून नाही कळलं, पण वास आला बरोबर. चौकात गाडी अडवून मास्कचा दंड नको तर स्वॅब दे, असं चाललेलं असताना लोक एकमेकांना डोळा मारून म्हणायचे, टक्का पाडायचं काम चाललंय. खरं होतं का खोटं, मला सांगता येणार नाही. पण असं वाटायला जागा तुम्ही ठेवली, टेस्ट किती, कुणाच्या, कुठल्या प्रकारच्या, हे रोज एका ओळीत टाकलं असतं तर जागा राहिली नसती.

आणि मेलेली माणसं. हे लिहायला नको वाटतंय पण लिहितो. गावाला आपली मेलेली माणसं मोजता येतात साहेब. कुणाच्या दारात कधी टेंभा पेटला, कुणाला घरी न आणता परस्पर मिरजेत जाळला, सगळं गावाला ठाऊक. एप्रिल-मे 2021 ला जे गेले त्यातल्या कितीकांच्या सर्टिफिकेटवर न्यूमोनिया, हार्ट फेल, काहीतरी दुसरंच. पेपरातला आकडा आणि गावातला आकडा जुळेना. मग जूनमध्ये राज्यानं जुने राहिलेले मृत्यू आकड्यात घातले, ताळमेळ म्हणून, म्हणजे राहिले होते हे कबूलच झालं. पुढं 2022 च्या मे मध्ये जागतिक आरोग्य संघटना म्हणाली की भारतात त्या दोन वर्षांत नेहमीपेक्षा 47 लाखांच्या आसपास जास्त माणसं गेली, आपला सरकारी आकडा पावणेपाच-पाच लाखांचा, सरकारनं ती पद्धतच चुकीची म्हणून फेटाळली. मोठ्यांचं भांडण मोठ्यांनी मिटवावं, मला त्यात पडायचं नाही. पण आमच्या गावापुरतं तरी कुणी बसून सांगितलं का, की एवढे गेले, त्यातले एवढे कोरोनानं? सुप्रीम कोर्टानं सांगितल्यावर पन्नास हजार द्यायचं ठरलं, पॉझिटिव्ह आल्यापासून तीस दिवसांत गेला तर कोरोनाच धरायचा असा नियम झाला, तेव्हा विधवा बायका रिपोर्ट शोधत फिरत होत्या, ज्याचा स्वॅबच झाला नव्हता त्याचा कुठनं आणायचा रिपोर्ट? त्यांना जिल्ह्याच्या समितीसमोर जाऊन आपला नवरा कोरोनानंच गेला हे पटवून द्यावं लागलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं गेलं, पाच वर्षं झाली, आता काय उकरून काढायचं. उकरायला नको आहे, पण ते अजून वर आहे हो. चाळिशीतला धडधाकट माणूस जिममध्ये, नाहीतर लग्नाच्या वरातीत पडला की काउंटरवर पहिला शब्द 'कोविशिल्ड'. 2024 ला इंग्लंडच्या कोर्टात ॲस्ट्राझेनेका कंपनीनं (कोविशिल्ड मूळची त्यांचीच) लिहून दिलं की अगदी क्वचित गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होण्याचा त्रास होऊ शकतो, ती बातमी इथं येईपर्यंत 'लस घेतलेले सगळे दहा वर्षांत जाणार' झाली होती. आयसीएमआरनं (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेनं) 18 ते 45 वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला, 2023 ला छापून पण आला, त्यात निघालं की लसीमुळं धोका वाढलेला नाही, धोका दिसला तो कोरोनात दवाखान्यात भरती झालेल्यांना, घराण्यात असा मृत्यू असलेल्यांना, एकदम ढोसणाऱ्यांना, आणि मरणाच्या आधी दोन दिवसांत अंगाबाहेरची मेहनत केलेल्यांना. हे मी गिऱ्हाइकाला सांगतो, पटतं पण. पण मी का सांगतोय? तुमचा एक माणूस ग्रामसभेत उभा राहून हे का सांगत नाही, आणि त्याच बरोबर हे पण, की लसीनंतर खरंच कुणाला त्रास झाला तर नोंद कुठं करायची, त्याची चौकशी समिती असते, तिचा निकाल बघता येतो? फक्त 'अफवांवर विश्वास ठेवू नका' म्हणून कसं चालेल. मग ठेवायचा कशावर?

2025 च्या मे-जूनला परत कोरोनाचे आकडे यायला लागले तेव्हा माझ्याकडं मास्क विकत घ्यायला कुणी आलं नाही. विचारायला मात्र बरेच आले, "परत लॉकडाऊन लावत्यात का?" म्हणजे साथीचं नाव काढलं की लोकांना आजार आठवत नाही, पत्रे आठवतात.

तर मागणी काय. मागणी छोटी आहे, पैसे पण फारसे लागत नाहीत. उपकेंद्रातनं रिपोर्ट जातोच, ताप किती, जुलाब किती, पुरळ किती. एकात्मिक रोग सर्वेक्षण म्हणून 2004 पासून ही पद्धत चालू आहे, आधी कागदी फॉर्म होते, आता पोर्टलवर भरतात. आमच्याच अंगाचा ताप तो, मोजून जिल्ह्याला जातो, पुण्याला जातो, दिल्लीला जातो, आणि आमच्या गावाला सोडून सगळ्यांना कळतो. तोच आकडा दर सोमवारी ग्रामपंचायतीच्या आणि उपकेंद्राच्या फळ्यावर खडूनं लिहा. ह्या आठवड्यात ताप इतके, मागच्या आठवड्यात इतके, रक्त तपासलं इतक्यांचं, डेंग्यू पक्का इतक्यांना, खाजगीत पॉझिटिव्ह पण अजून पक्का नाही असे इतके. नाव कुणाचंही नाही, गल्ली पण नाही. पाण्याच्या टीसीएलचं (ब्लीचिंग पावडरचं) काय, टाकी कधी धुतली, ते पण त्याच फळ्यावर. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला दहा हजार येतात, त्यातनं एक फळा आणि खडूचा बॉक्स निघेल की.

मोठी साथ आली तर जिल्ह्याचा एक डॉक्टर, एकच, रोज ठरलेल्या वेळेला. आता होतं काय, गावातली केंद्रं झेडपीच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडं, ग्रामीण रुग्णालयं शल्यचिकित्सकांकडं, शहर महापालिकेकडं, मिरज सिव्हिल मेडिकल कॉलेजकडं, चौघांचे चार आकडे आणि पाचवा पालकमंत्र्यांच्या भाषणात. आधी आपसात जुळवा आणि मग एकानं सांगा. त्यानं काय माहीत आहे ते सांगावं, काय अजून कळलेलं नाही ते सांगावं, कालच्या सल्ल्यात काय बदललं आणि का बदललं ते सांगावं. मराठी आमची असू दे, 'सदर बाधित रुग्णाच्या निकटसहवासितांचे विलगीकरण' असली नको. अर्धा तास कुणाचा सत्कार न करता.

लोकांना एवढं कळणार नाही, हे मला एका मीटिंगमध्ये ऐकवलं होतं. अहो, आमचा द्राक्षवाला युरोपला माल पाठवतो, कुठल्या औषधाचा रेसिड्यू किती पीपीएमला चालतो, तोडणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, डाऊनी रोग कुठल्या हवेत येतो हे त्याला झोपेत विचारा. त्याला पॉझिटिव्हिटीचा टक्का कळणार नाही? आणि घाबरतील म्हणाल तर घाबरू द्या थोडं, 45 फूट म्हटल्यावर पण घाबरतातच. घाबरलेला माणूस सामान वर चढवतो. फसवलेला माणूस जागेवरनं हलत नाही.

आशाताईंचं एक सांगून थांबतो. गावात हजार माणसामागं एक आशा, गावातलीच कुणाची तरी सून. 'माझे कुटुंब माझी जबाबदारी'च्या वेळी तिच्या हातात थर्मल गन आणि ऑक्सिमीटर दिला आणि दारोदार पाठवलं. ज्या घरात ती गरोदर बाईची पहिली नोंद करते, बाळाला डोस द्यायला घेऊन जाते, त्याच घराचा ताप तिला वर कळवायला लावला. म्हणजे तिच्यावरचा जो विश्वास होता तो तुम्ही वापरून संपवला, भरून काही दिला नाही. 15 जून 2021 ला राज्यातल्या आशा संपावर गेल्या तेव्हा कळलं की महिन्याला त्यांच्या हातात काय पडतं. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा सन्मान केला, आपण स्टेटस ठेवले. पुढच्या साथीत तिला पोलीस करू नका. दारावर स्टिकर लावायचं काम, गल्ली बंद करायचं काम, यादी करायचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या, आणि तिच्याकडं फक्त काळजी घ्यायचं काम ठेवा. मानधन वेळेवर द्या, एवढं सांगायला लागू नये पण लागतंय. आणि आमच्याकडं ऊस तोडायला येणाऱ्या टोळ्या कुठल्याच आशाच्या यादीत नसतात, फडाजवळच्या पालातलं लेकरू तापलं तर ते कुणाच्या आकड्यात येत नाही. त्यांची जबाबदारी कारखान्याची की तुमची की आमच्या ग्रामपंचायतीची, हे हंगाम सुरू व्हायच्या आत एकदा लेखी ठरवा.

ह्या पत्राचं उत्तर मला पाठवू नका, मला बायको सुद्धा विचारते एवढं टाईप करून मिळालं काय. ग्रामपंचायतीच्या नावानं पाठवा. पुढच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवायचा ठराव आम्ही चार-पाच जणांनी सरपंचांना लेखी दिलाय, आणि उत्तर आलं नाही तर 'उत्तर आलं नाही' एवढं पण वाचून दाखवायचंय असं त्यातच लिहिलंय. फळा आम्ही वर्गणी काढून आधीच घेतलाय, उपकेंद्राच्या भिंतीला लावायची परवानगी तेवढी तुमच्या खात्याकडनं पाहिजे, तो अर्ज वेगळा जोडलाय.

आपला,
एक मेडिकलवाला
तालुका पलूस, जिल्हा सांगली